शिस्त म्हणजे नेम

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात भरलेल्या शिक्षक-पालक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ. व्याख्यात्या जयपूरच्या सिविल लाइन्स भागात राहतात व शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करतात.)



एखादी शाळा साठ वर्षे अखंडपणे मराठीतून शिकवत राहते, ही घटना आजच्या काळात साधी नाही. त्याबद्दल प्रथम आपणा सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन करते. या आनंदाच्या प्रसंगी आपण मला जो विषय दिला, तो मात्र उत्सवी नाही. निमंत्रणाच्या पत्रात आपल्या शिक्षकांनी एक प्रश्न सरळ शब्दांत विचारला होता: ‘छडी गेली, तिच्या जागी आता काय?’ उत्सवाच्या वर्षात स्वतःला असा प्रश्न विचारण्याचे धैर्य फार थोड्या संस्थांमध्ये असते. म्हणून आज त्याच प्रश्नाला धरून बोलावे असे मी ठरवले आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क सांगणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली. काय करू नये, हे कायद्याने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. परंतु साठ मुलांच्या वर्गात तास सुरू होताच गलका झाला तर काय करावे, हे कोणत्याही कायद्याला सांगता येत नाही. ते काम शिक्षणशास्त्राचे, आणि त्याहूनही शाळेच्या रोजच्या विचाराचे असते. तो विचार पुरेसा झाला नाही म्हणून छडीची रिकामी जागा इतर गोष्टींनी भरून काढली. फळ्याच्या कोपऱ्यात ‘बोलणाऱ्यांची’ नावे लिहिली जाऊ लागली. ती लिहिण्याचे काम मॉनिटरकडे, म्हणजे एका मुलाकडेच, सोपवले गेले. कुणाला वर्गाबाहेर उभे केले जाते, कुणाचे गुण कापले जातात, कुणाची तक्रार पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सर्वांदेखत टाकली जाते. हातावरचे वळ गेले. मनावरचे वळ कुणाला दिसत नाहीत एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या बाजूला, शिक्षकांची अडचणही खोटी नाही. प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक आणि उच्च प्राथमिक वर्गात पस्तीस मुलांमागे एक, असे प्रमाण त्याच कायद्याने ठरवून दिले आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी वर्ग याहून कितीतरी मोठे असतात. त्यात पालक विचारतात, ‘तुमच्या शाळेत शिस्त आहे ना?’ मराठी माध्यमातून मूल काढून दुसरीकडे नेताना अनेक घरांत इंग्रजीइतकेच हेही कारण सांगितले जाते की, तिकडे शिस्त कडक आहे. म्हणजे शिस्तीचा प्रश्न आता वर्गाच्या चार भिंतींत राहिलेला नाही. या शाळेच्या पुढील वाटचालीशी तो निगडित आहे. तेव्हा शिस्त या शब्दाने आपण नेमके काय म्हणू इच्छितो, हे आधी पाहिले पाहिजे.

आपला ‘शिस्त’ हा शब्द फारसीतून आला आणि त्याचा जुना अर्थ ‘नेम’ असा आहे. बंदुकीची शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. मराठीत ‘नेम’ या शब्दालाही दोन अंगे आहेत: एक लक्ष्यावर रोखलेली दृष्टी, आणि दुसरे स्वतःशी केलेला नियम. एकादशीचा नेम, वारीचा नेम. या दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे. नेम दुसऱ्याने धरून चालत नाही. तो ज्याचा त्यालाच धरावा लागतो. आमच्या राजस्थानातील शाळांत यासाठी ‘अनुशासन’ हा शब्द वापरतात. त्यातील ‘शासन’ आपल्या कानांत फार मोठ्याने घुमते. पण पतंजलीच्या योगसूत्रांत पहिल्याच सूत्रात येणाऱ्या अनुशासन या शब्दाचा अर्थ दंड असा नाही. परंपरेने दिलेली शिकवण असा तो आहे. दोन्ही शब्दांच्या मुळाशी शिक्षा नव्हती, शिक्षण होते.

मी जेथे राहते त्या जयपूरच्या सिविल लाइन्समध्ये बाहेरून आलेल्या शिस्तीचे दर्शन रोज घडते. राज्यपालांचे निवासस्थान तेथेच, मुख्यमंत्र्यांचे निवासस्थानही तेथेच. रस्ते रुंद, झाडे छाटलेली, चौकाचौकांत पोलीस. साहेबांची गाडी येणार असेल तर वाहतूक क्षणात थांबते. याच भागात एक रेल्वे फाटक आहे. ते बंद झाले, आणि पाहणारे कुणी नसले, की सभ्य दिसणारी माणसे मान वाकवून, स्कूटर तिरकी करून दांड्याखालून पलीकडे जातात. शिट्टी ऐकून थांबणारा आणि दांड्याखालून जाणारा, हे दोघे निराळे नागरिक नसतात. तो एकच माणूस असतो. फरक एवढाच की एका ठिकाणी पाहणारा असतो आणि दुसऱ्या ठिकाणी नसतो. शाळेने त्याला थांबायला शिकवले. पण का थांबायचे, हे त्याचे त्याने ठरवण्याची संधी त्याला कधी दिली नाही.

शिक्षक वर्गाबाहेर गेल्यावर वर्गात काय होते, हीच शिस्तीची खरी परीक्षा होय. या परीक्षेचा अभ्यास फार पूर्वी झालेला आहे. कुर्ट लेविन आणि त्यांचे सहकारी रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेतील आयोवा येथे दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर प्रयोग केले व १९३९ साली ते प्रसिद्ध केले. मुले मुखवटे बनवण्यासारखी हस्तकला करीत. काही गटांचा प्रमुख हुकूम सोडणारा होता, काहींचा सर्वांना विचारून काम ठरवणारा, तर काहींचा कशातच लक्ष न घालणारा. हुकमी गटात प्रमुख हजर असताना काम भरपूर होई. तो खोलीबाहेर पडला की ते ढेपाळे. विचारविनिमयाच्या गटात प्रमुख असो वा नसो, काम जवळजवळ तसेच चालू राही. तिसऱ्या गटाकडेही नीट पाहावे अशी माझी विनंती आहे. ज्या गटाला नुसते मोकळे सोडले होते, तेथे काम सर्वांत कमी झाले. स्वयंशिस्त म्हणजे मोकाट सोडणे, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. मुलांवर सोपवणे आणि मुलांना वाऱ्यावर सोडणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हा विचार परदेशातून आलेला आहे, असेही कुणी समजू नये. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी तो आपल्या मातीत रुजवला आणि आपल्या ताराबाई मोडक तेथूनच तो महाराष्ट्रात घेऊन आल्या. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील प्रयोगशील शिक्षक पहिल्या दिवशी चौथीच्या वर्गात जातो आणि मोठ्या उमेदीने शांततेचा खेळ घेतो. तो साफ फसतो. दारे बंद होताच मुले आणखी गोंधळ घालतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, आणि तीच मुले आपणहून गप्प होतात. शांतता आज्ञेने मिळाली नाही. ऐकण्यासारखे काही मिळाले म्हणून ती आली. वर्गातील निम्मी बेशिस्त ही कंटाळ्याची संतती असते, हे गिजुभाईंनी किती सहजपणे दाखवले!

ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. डहाणू परिसरातील आदिवासी मुले शाळेत येत नसत, कारण ती गुरे राखायला जात. प्रचलित भाषेत ही ‘अनियमितता’, म्हणजे बेशिस्तच. कोसबाडने मुलांना दंड केला नाही. शाळाच कुरणात नेली, आणि ‘कुरणशाळा’ हा शब्द मराठीला मिळाला. नेमकी हीच गोष्ट राजस्थानातही घडली. अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे १९७२ साली सुरू झालेल्या संस्थेने दिवसा शेळ्या-मेंढ्या चारणाऱ्या मुलांसाठी रात्रशाळा काढल्या. पुढे नव्वदच्या दशकात त्या रात्रशाळांतील मुलांनी मतदान करून स्वतःची बालसंसद निवडली. शिक्षक वेळेवर येतो का, दिवा लागतो का, पिण्याचे पाणी आहे का, यांवर ही मुले लक्ष ठेवीत आणि मोठ्यांना जाब विचारीत. ज्यांच्या हाती दिवसा काठी असे त्या मुलांनी रात्री काठीवाचून शाळा चालवण्यास हातभार लावला.

प्रत्यक्ष जयपूरमध्येही या विचाराची दोन केंद्रे आहेत. ‘दिगंतर’ची लहानशी शाळा १९७८ साली सुरू झाली. तिच्यामागे डेव्हिड हॉर्सबर्ग या कर्नाटकातील ‘नीलबाग’ शाळा चालवणाऱ्या शिक्षकाची प्रेरणा होती. रोहित धनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे ती शहराच्या वेशीवरील जगतपुरा परिसरातील गावांत नेली. तेथे वयानुसार इयत्ता नाहीत, पास-नापास नाही. आणि विशेष म्हणजे शिक्षाही नाही, बक्षीसही नाही. दुसरे केंद्र ‘बोध शिक्षा समिती’चे. १९८७ साली गोकुलपुरी या वस्तीत, तेथील रहिवाशांना बरोबर घेऊन ते उभे राहिले. या दोन्ही ठिकाणी मुले सुखवस्तू घरांतील नाहीत. ‘असले प्रयोग श्रीमंतांच्या शाळांत चालतात’, हा आक्षेप जयपूरला तरी टिकत नाही.

दिगंतरमध्ये बक्षीस का नाही, असा प्रश्न पालक हमखास विचारतात. त्याचे उत्तर शिस्तीच्या मुळाशी जाणारे आहे. बक्षीस आणि शिक्षा या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. दोन्हींत मुलाचे लक्ष कृतीवर राहत नाही, देणाऱ्याच्या हाताकडे लागते. रांगेत उभे राहिल्याबद्दल चांदणी मिळते असे ज्याला कळले, तो चांदणी नसेल तेव्हा रांग मोडतो. रांगेमुळे धाकट्या मुलीला पाणी मिळते असे ज्याने पाहिले, तो चांदणीची वाट पाहत नाही.

आत्मसंयम ही जन्मजात देणगी आहे की संस्कार, असा वाद नेहमी होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस लहान मुलांसमोर गोड वडी ठेवून ‘थांबलास तर दोन मिळतील’ असा प्रयोग केला. तो आता सर्वपरिचित आहे. जी मुले थांबली ती पुढे यशस्वी झाली, एवढेच आपण त्यातून उचलले. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेला रॉचेस्टर विद्यापीठातील सेलेस्ट किड यांचा प्रयोग अधिक बोलका आहे. तेथे २८ लहान मुलांचे दोन गट केले होते. आधी चित्रकलेच्या वेळी मोठ्या माणसाने ‘थांबा, याहून चांगले रंग आणून देतो’ असे सांगितले. एका गटाला त्याने खरोखर रंग आणून दिले. दुसऱ्या गटापुढे रिकाम्या हाताने येऊन ‘रंग नाहीत’ असे सांगितले. त्यानंतर तीच गोड वडीची परीक्षा झाली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली; ज्यांची निराशा झाली होती ती तीनच मिनिटे. मुले तीच, वय तेच. फरक होता तो मोठ्यांच्या शब्दाचा. म्हणून पालकांना मी सांगेन: मुलाला संयम शिकवायचा असेल तर त्याला दिलेला शब्द पाळा. आणि शिक्षकांना सांगेन: ‘उद्या खेळायला नेईन’ असे म्हटले असेल, तर उद्या न्याच. मुलाचा धीर हे आपण जमा केलेल्या विश्वासावरचे व्याज असते.

आता मी माझ्या म्हणण्याच्या गाभ्याशी येते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की यांनी दाखवून दिले की लहान मूल काम करताना स्वतःशी मोठ्याने बोलते: ‘हे इथे ठेवू, नको, पडेल.’ हे बोलणे हळूहळू ओठांआड जाते आणि मनातले बोलणे बनते. माणूस स्वतःला आवरतो तो याच आतल्या बोलण्याने. ‘थांब, मारू नकोस, आधी विचार’ असे आपण स्वतःला कुठल्या तरी भाषेत सांगतो. ती भाषा घरची असते. राग हा प्रथम घरच्या भाषेत येतो आणि आवरलाही त्याच भाषेत जातो. परक्या भाषेत मुलाला ‘सॉरी’ पटकन म्हणता येते. पण ‘त्याने माझ्या वडिलांवरून बोललं, म्हणून मला सहन झालं नाही’ एवढे लांबलचक दुःख सांगता येत नाही. ज्याला सांगता येत नाही तो एक तर गप्प बसतो, नाही तर हात उगारतो. जयपूरमध्ये घरी ढूंढाडी बोलणारी मुले शाळेच्या हिंदीपुढेसुद्धा गप्प होताना दिसतात. मग इंग्रजीची गोष्ट तर दूरच. या दृष्टीने आपली मराठी शाळा एका अशा जागी उभी आहे, जिचे मोल आपणच ओळखलेले नाही. भांडण सोडवण्यासाठी लागणारे सर्वांत मोठे साधन, म्हणजे मुलाची स्वतःची भाषा, आपल्या हाती आयतेच आहे. त्या भाषेतून आपण मुलांना नुसते ‘गप्प बसा’ म्हणत राहिलो, तर मराठी माध्यम राखून आपण काय साधले?

एकत्र बसून अडचण सोडवणे म्हणजे प्रत्यक्षात काय, याचे एक उदाहरण देते. शाळेचे नाव सांगत नाही. सहावीच्या वर्गातील मुले मधल्या सुट्टीनंतर रोज उशिरा येत. नळावर ढकलाढकली, ओले कपडे, रडारड. दोन महिने शिक्षा चालू होत्या आणि उशीरही चालू होता. नव्या शिक्षिकेने शुक्रवारी अर्धा तास काढला आणि मुलांना गोल बसवले. ‘कोण ढकलतो’ असे तिने विचारले नाही. ‘नळावर काय होते’ असे विचारले. मुलांनी सांगितले की चारपैकी दोनच नळ चालतात. एका मुलीने सुचवले, मोजून पाहू. दुसऱ्या दिवशी मुलांनी घड्याळ लावून मोजले: एका मुलाला पाणी प्यायला साधारण अर्धे मिनिट लागते. म्हणजे दोन नळांवर एका मिनिटात चार मुले. वर्गात मुले ५४, आणि डबा खाऊन उरणारा वेळ दहा मिनिटांचा. दहा मिनिटांत चाळीस मुलांचे पाणी होणार; चौदा मुले रोज उरणारच! दोन महिने ज्याला बेशिस्त म्हटले गेले, तो एक साधा गुणाकार होता.

मग उपाय निघाले. ज्यांच्याकडे बाटली आहे त्यांनी घरून पाणी आणावे. वर्गात एक माठ ठेवावा. तो भरण्याची पाळी ठरवावी. आणि दोन नळांच्या दुरुस्तीसाठी मुख्याध्यापकांना वर्गाने पत्र लिहावे. पहिल्या आठवड्यात माठाची पाळी बिघडली, कारण ती हजेरीच्या क्रमाने लावली होती आणि गैरहजर मुलाची जागा कोण घेणार हे ठरले नव्हते. पुढच्या शुक्रवारी मुलांनी जोड्या केल्या. त्यानंतर उशीर जवळजवळ थांबला. ‘जवळजवळ’ म्हणते, कारण दोन मुले तरीही उशिराच येत. त्यांचा प्रश्न पाण्याचा नव्हताच. पाचव्या तासाच्या गणिताची त्यांना भीती वाटत होती. हेही कळले ते बाकीचा गोंधळ मिटला तेव्हाच.

या उदाहरणात तीन प्रकारची कारणे दिसतात. काही बेशिस्त व्यवस्थेतून येते. ती मोजून, मांडणी बदलून दूर होते. काही दुखावलेपणातून येते; ती ऐकून घेतल्याने दूर होते. काही निव्वळ सवयीतून येते, तिला सराव आणि वेळ लागतो. तिन्हींवर एकच औषध, म्हणजे शिक्षा, देणारा वैद्य आपण दवाखान्यात चालवून घेतला नसता.

आपल्या शिक्षकांना उपयोगी पडावी म्हणून अशा वर्गसभेची पद्धत थोडक्यात सांगते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी अर्धा तास. सर्वांना एकमेकांचे चेहरे दिसतील असे बसावे. वर्गात एक पेटी ठेवावी, मुलांनी आठवडाभर तीत अडचणी लिहून टाकाव्यात. एका सभेत एकच अडचण घ्यावी. प्रथम ‘काय घडते’ एवढेच बोलावे. नावे घेऊ नयेत. मग प्रत्येकाला काय वाटते ते ऐकावे. त्यानंतर उपाय सुचवावेत आणि ते सर्व, हास्यास्पद वाटले तरी, फळ्यावर लिहावेत. त्यांतून एक निवडून पुढच्या सभेपर्यंत करून पाहावा, आणि पुढच्या सभेची सुरुवात ‘काय झाले?’ या प्रश्नाने व्हावी. शिक्षकानेही हात वर करूनच बोलावे. अट एकच, आणि ती मोडता कामा नये: मत अडचणीवर घ्यायचे, मुलावर कधीही नाही. एखादे मूल चांगले की वाईट हे बहुमताने ठरवणारा वर्ग छडीपेक्षा क्रूर असतो.

या अटीचे महत्त्व ज्यांनी सर्वांत खोलवर ओळखले, त्या यानुश कोरचाक यांचे स्मरण येथे करावेसे वाटते. १९१२ पासून वॉर्सा येथील अनाथ मुलांचे घर चालवणाऱ्या या डॉक्टरांनी मुलांचे न्यायालय स्थापन केले. ज्यांच्याविरुद्ध त्या आठवड्यात तक्रार नसे अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश निवडले जात. न्यायालयाची संहिता कोरचाक यांनी लिहिली होती आणि तीतील बहुतेक कलमे क्षमेची होती. स्वतः कोरचाकही आरोपी म्हणून त्या न्यायालयापुढे उभे राहिले. जुलै १९४२ मध्ये, वॉर्साच्या कोंडवाड्यात उपासमार चालू असताना, त्यांच्या मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ रंगमंचावर आणले. पुढच्याच महिन्यात सुमारे दोनशे मुलांसह कोरचाक यांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेण्यात आले. स्वतःला वाचवण्याची संधी असूनही त्यांनी मुलांना सोडले नाही. शिक्षकाचा अधिकार कशातून येतो, हे याहून वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही.

अधिकार हा शब्द मी मुद्दाम वापरला. एक मूल दुसऱ्याच्या डोळ्यात पेन्सिल खुपसायला निघाले, तर सभा बोलवायची नसते. हात धरायचा असतो. कुणाची जात, घरची गरिबी, शरीरातील व्यंग यांवरून छळ चालू असेल तर तो शिक्षकाने त्याच क्षणी थांबवलाच पाहिजे. सुरक्षितता आणि सन्मान हे मतदानाचे विषय नाहीत. पण हात धरणे वेगळे आणि हात उगारणे वेगळे. आणि हात धरल्यानंतर, राग ओसरल्यावर, ‘झालेले नुकसान तू कसे भरून काढशील?’ हा प्रश्न विचारता येतो. काच फोडणाऱ्याला दंड केला तर पैसे वडील देतात. काच बसवताना सुताराच्या हाताखाली त्याला उभे केले तर काचेची किंमत त्याला कळते.

‘अभ्यासक्रम कधी पुरा करायचा?’ हा प्रश्न मला प्रत्येक सभेत विचारला जातो. प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटे वर्ग शांत करण्यात जातात असे धरले, तरी दिवसाच्या आठ तासिकांत चाळीस मिनिटे झाली. आठवड्याच्या सहा दिवसांत चार तास. त्या चार तासांपुढे अर्ध्या तासाची वर्गसभा हा खर्च नाही, बचत आहे. दुसरा प्रश्न असतो, ‘बाहेरच्या जगात यांना कोण विचारणार आहे?’ खरे आहे. बाहेरचे जग विचारत नाही. म्हणूनच ज्याला न विचारता कुणी काही लादले तर शांतपणे उभे राहून प्रश्न करता येतो, असा माणूस घडवणे शाळेचे काम आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्येही वर्गाचे नियम मुलांच्या सहभागातून ठरावेत असे सुचवलेले आहे. तो विचार आपल्या वेळापत्रकात मात्र अजून यायचा आहे.

आणि महाराष्ट्राला यासाठी दूर पाहण्याची गरज तरी कुठे आहे? अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि तेथील छात्रालयही सांभाळत होते. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त पडलेल्या असत. गुरुजी रागावत नसत. मुले शाळेत गेली की स्वतः खोल्या झाडून, कपडे घडी करून ठेवत. काही दिवसांत मुलांनाच ते पाहवेना आणि ती आपली खोली आपण आवरू लागली. गुरुजींनी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ही चालवले. हुकूम देण्याऐवजी ते मुलांशी रोज लिहून बोलत होते. प्रेमाने मुले बिघडतात असे म्हणणाऱ्यांना अमळनेरचे हे छात्रालय म्हणजे कायमचे उत्तर आहे.

साठ वर्षांच्या या शाळेकडे मी जाताना एकच मागणी करते. येत्या वर्षी प्रत्येक वर्गाच्या वेळापत्रकात आठवड्यातून एक अर्धा तास ‘वर्गसभा’ असा छापावा. तो परीक्षेच्या काळातही रद्द होऊ नये. मुलांना दिलेला शब्द म्हणून तो पाळावा. वर्षअखेरीस सभेच्या वह्या शिक्षकांनी एकत्र बसून वाचाव्यात. त्यांत मुलांच्या हस्ताक्षरात, मुलांच्या मराठीत, शाळेच्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय लिहिलेले असतील. नळ किती चालतात, कोणत्या तासाची भीती वाटते, कोण एकटे डबा खाते, हे सर्व त्यांत असेल. आणि एखाद्या दिवशी मुख्याध्यापकांनी सर्व शिक्षकांना तातडीच्या बैठकीला बोलवावे, दहा मिनिटे व्हरांड्यात कुणी नसावे, आणि त्या दहा मिनिटांत वर्गांतून येणारा आवाज लक्षपूर्वक ऐकावा. तो आवाज शांततेचा असेलच असे नाही. तो कामाचा असेल, तर आपल्या मुलांनी स्वतःचा नेम धरला आहे असे समजावे.